हिमनद्या बघायच्या तर उघडा डेक हवा : ‘न्यू ॲमस्टरडॅम’वर पुन्हा एकदा

अलास्काला जायचं म्हणून जहाज शोधणारे बहुतेक जण विचारतात, रेस्टॉरंट किती, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत का, रात्री कार्यक्रम कोणते. मी एकच गोष्ट विचारते : बाहेर उभं राहायला जागा किती आहे? हिमनदी काचेआडून बघून भागत नाही. तिच्यावरून येणारा वारा गालांना झोंबला पाहिजे, कडा तुटून पाण्यात पडला की त्याचा आवाज थेट कानावर आला पाहिजे. हॉलंड अमेरिका लाइनचं ‘न्यू ॲमस्टरडॅम’ मला पहिल्या भेटीत आवडलं ते याच कारणासाठी. यंदा जूनमध्ये पुन्हा जायचं ठरलं तेव्हा मी दुसऱ्या जहाजाची चौकशीसुद्धा केली नाही.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. हिमगव्हर, गिरिशृंग, लोंबती दरी, पार्श्व हिमोढ, मध्य हिमोढ या हिमनदीने घडवलेल्या सगळ्या भूरूपांच्या आकृत्या फळ्यावर रंगीत खडूंनी काढल्या, मुलांकडून वहीत काढून घेतल्या, परीक्षेत त्यांना नावं द्यायला लावली. प्रत्यक्ष हिमनदी मात्र निवृत्तीनंतरच पाहिली. मुलगा व्हँकुव्हरजवळ बर्नबीला असतो. कोविडच्या आधी एका सप्टेंबरात त्याने आम्हा दोघांना या जहाजावर पाठवलं होतं. या वेळी ह्यांना प्रवास नको होता, म्हणून सोबत माझी मोठी बहीण आली. ताई पंच्याहत्तरीची आहे, गुडघे दुखतात, थोडं चाललं की बसावं लागतं. त्यामुळे तेच जहाज मी या खेपेला तिच्या सोयीने पाहिलं आणि कितीतरी गोष्टी नव्याने लक्षात आल्या.

जहाज २०१० सालचं, व्हेनिसजवळच्या मार्गेराच्या गोदीत बांधलेलं. लांबी २८५ मीटर, प्रवासी साधारण २,१००. आता चार-चार हजार प्रवासी घेणारी जहाजं अलास्कात येतात, त्या मानाने हे मध्यम म्हणायचं. कंपनी मूळची रॉटरडॅमची, १८७३ सालची, आणि तिच्या ताफ्यातलं या नावाचं हे चौथं जहाज. न्यूयॉर्क डचांच्या ताब्यात होतं तेव्हाचं त्याचं नाव न्यू ॲमस्टरडॅम, म्हणून जहाजात जिकडेतिकडे न्यूयॉर्कची आठवण आहे. मुख्य भोजनगृहाचं नाव मॅनहॅटन, आणि मधल्या चौकात छताला न्यूयॉर्कच्या इमारती उलट्या टांगलेल्या. ताई रोज जेवायला जाताना तिथे थांबून मान वर करून बघायची.

मध्यम आकाराचा पहिला फायदा व्हँकुव्हर सोडतानाच कळतो. कॅनडा प्लेसच्या धक्क्यावरून (हे पांढऱ्या शिडांच्या छपराचं बांधकाम १९८६ च्या जागतिक प्रदर्शनासाठी झालं) निघालं की थोड्याच वेळात लायन्स गेट पूल येतो. १९३८ सालचा हा झुलता पूल पाण्यापासून साधारण ६१ मीटर उंच. आजच्या सगळ्यात उंच जहाजांना त्याच्याखालून जाता येत नाही आणि ती बहुतेक सिॲटलहून सुटतात. आपलं जहाज मात्र धुराड्यासकट खालून जातं. त्या वेळी सगळ्यात वरच्या डेकवर उभं राहा. पूल डोक्याला लागेल असं वाटतं, पलीकडे स्टॅनली पार्कची झाडी, आणि पुलावरचे लोक हात हलवत असतात.

व्हँकुव्हरहून निघण्याचा दुसरा लाभ म्हणजे व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूचा चिंचोळा मार्ग. सेमूर नॅरोज नावाची एक खिंड वाटेत आहे. भरती-ओहोटीच्या वेळी तिथे पाणी ताशी पंधरा सागरी मैलांच्या आसपास धावतं, म्हणून जहाजं पाणी संथ होण्याची वेळ साधून जातात. या खिंडीच्या मधोमध पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता. शंभराहून अधिक लहानमोठ्या नौका त्याने फोडल्या. शेवटी शेजारच्या बेटावरून समुद्रतळाखाली बोगदा खणून, खडकाच्या पोटात दारू ठासून, ५ एप्रिल १९५८ रोजी त्याची शिखरं उडवली. अणुस्फोट सोडले तर माणसाने मुद्दाम घडवलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांत त्याची गणना होते. आम्ही तिथून गेलो तेव्हा जूनचा संधिप्रकाश अजून रेंगाळत होता आणि डेकवर जेमतेम वीस माणसं. एवढ्या मोठ्या गोष्टीवरून लोक झोपेत जातात याचं मला वाईट वाटतं. पहिल्या रात्री लवकर झोपू नका.

आता खोलीबद्दल. मागच्या वेळी आम्ही बाल्कनीची खोली घेतली होती, या वेळी आतली, बिनखिडकीची. हा निर्णय मी विचार करून घेतला आणि पुन्हा हाच घेईन. बाल्कनीतून जहाजाची एकच बाजू दिसते आणि देवमासा बरोबर दुसऱ्या बाजूला उसळतो. अलास्कात माणसाने खोलीत बसूच नये. या जहाजावर बाहेर उभं राहायला इतक्या जागा आहेत, की बाल्कनीचे पैसे वाचवून ते स्कॅगवे बंदरातल्या डोंगरी रेल्वेच्या तिकिटाला लावलेले बरे. ताईच्या दृष्टीने आणखी एक कारण होतं. या जहाजावर बाल्कनीच्या बहुतेक खोल्यांत न्हाणीघरात टब आहे, त्याची कड ओलांडून आत पाय टाकावा लागतो. आतल्या खोलीत साधा शॉवर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आरक्षणाच्या वेळी हे आवर्जून विचारावं. आतल्या खोलीत उजेड नसल्याने सकाळ झाल्याचं कळत नाही, त्यासाठी टीव्हीवर जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र लावून ठेवायचं. पहाटे जाग आली की बाहेर धुकं आहे की ऊन ते अंथरुणातून दिसतं.

बाहेरच्या जागांमध्ये माझी लाडकी म्हणजे तिसरा डेक. जहाजाला पूर्ण वळसा घालणारा लाकडी फळ्यांचा रुंद पट्टा, ओळीने मांडलेल्या लाकडी आरामखुर्च्या, वर बचावनौकांची सावली. पाणी इथून जवळ. हवाबंद काचेच्या पंधराव्या मजल्यावरून दिसणारा समुद्र आणि इथून दिसणारा समुद्र यांत फार फरक आहे. इथे लाटेचा आवाज येतो, पाण्यावर तरंगणारं लाकूड दिसतं, डॉल्फिनसारखी काळीपांढरी पॉर्पॉइज जहाजाशेजारून धावताना त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो. ताई रोज सकाळी शाल, कानटोपी आणि जहाजावरचं घोंगडं असा जामानिमा करून इथे बसायची. “मला कुठे हलवू नकोस, सगळं माझ्यासमोरून चाललंय,” हे तिचं रोजचं वाक्य. पाऊस किंवा फारच वारा असेल तर अकराव्या डेकवरचं क्रोज नेस्ट आहे. पुढच्या बाजूला भिंतभर काचा, खुर्च्या मऊ, कॉफी जवळ. अरुंद खाड्यांतून जाताना तिथे सकाळी लवकर जागा धरावी लागते. नवव्या डेकच्या मागच्या टोकाला छोटा तलाव आहे, तिथला कोपरा फारसा कोणाला सुचत नाही, पण जहाज एखाद्या खाडीतून बाहेर पडतं तेव्हा मागे सरकणारे डोंगर बघायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

जेवणाबद्दल मला नेहमी विचारतात, कारण आम्ही दोघी पूर्ण शाकाहारी, ताई तर अंडंही खात नाही. थोडक्यात सांगते : उपास घडत नाही, पण बोलावं लागतं. आरक्षणाच्या वेळीच कळवून ठेवा, आणि पहिल्या रात्री मॅनहॅटनमध्ये गेल्यावर तिथल्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. आमच्याकडे रोज रात्री दुसऱ्या दिवशीची यादी घेऊन एक मुलगा यायचा, इंडोनेशियातल्या सुराबायाचा, आणि आम्ही आदल्या रात्री सांगितलेली डाळ, भात, एखादी पनीरची किंवा फ्लॉवरची भाजी दुसऱ्या रात्री समोर यायची. ताईला तिखट लागतं हे त्याने दुसऱ्याच दिवशी ओळखलं आणि न मागता चिरलेली हिरवी मिरची आणून ठेवू लागला. नवव्या डेकवरच्या लिडो मार्केटमध्ये सकाळ-दुपारची सोय. फळं, दही, टोस्ट, सॅलड, आणि बहुतेक दिवस एखादी आशियाई रस्साभाजी. इथली ब्रेड पुडिंग या कंपनीची जुनी ख्याती आहे, व्हॅनिलाचा गरम सॉस घालून देतात. त्यात अंडं असतं, म्हणून ताईने घेतली नाही. मी घेतली, आणि रोज घेतली. चहा मात्र आपल्या पद्धतीचा मिळत नाही. गरम पाणी आणि पिशव्या असतात, दूध मागितलं तर गरम करून देतात. मसाला घरून न्या.

कर्मचारी बहुतेक इंडोनेशिया आणि फिलिपिन्सचे. डच कंपनी आणि इंडोनेशिया यांचा संबंध जुन्या वसाहतीच्या काळापासूनचा. आज कंपनीचं जकार्तात प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथून मुलं शिकून येतात. ही मुलं घरापासून कित्येक महिने लांब असतात. आमची खोली आवरणारा मुलगा ताईला पहिल्या दिवसापासून ‘इबू’ म्हणायला लागला, तिकडे आईला म्हणतात तसं. तिने त्याच्या लेकीचा फोटो बघितला, तिचं नाव विचारलं, आणि निघताना तिच्यासाठी म्हणून सातारी कंदी पेढ्यांचं न उघडलेलं खोकं त्याच्या हातात ठेवलं. सेवाशुल्क म्हणून रोज माणशी ठरावीक रक्कम बिलात लागते. काही लोक काउंटरवर जाऊन ती काढून टाकायला लावतात, ते मला अजिबात पटत नाही. प्रवासाचा खर्च धरतानाच तिचा हिशेब धरा.

बंदरांपैकी दोनांबद्दलच जरा सविस्तर लिहिते. ज्युनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे यायला रस्ताच नाही, विमान किंवा बोट. गावापासून वीसेक किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी. तिथलं माहिती केंद्र १९६२ साली उघडलं, तेव्हा बर्फ त्याच्या कितीतरी जवळ होता. मी मागच्या वेळी काढलेला फोटो आणि यंदाचा फोटो शेजारी ठेवले तर उघडा पडलेला खडक स्पष्ट दिसतो. ताईला केंद्राच्या खिडकीपाशी खुर्ची मिळाली, मी नगेट धबधब्यापर्यंत चालून आले. वाट सपाट आहे, जाऊन-येऊन तासाभराची. इथे जाताना माझ्याकडून एक सूचना : बंदरावर गाडी ठरवताना परतीची नेमकी वेळ आणि जागा लिहून घ्या. आमच्या गाडीवाल्या कंपनीने परतताना आम्हाला अर्धा तास पावसात उभं केलं आणि ताईचे गुडघे पुढचा दिवसभर बोलत होते.

स्कॅगवेला मात्र उलट अनुभव. व्हाइट पास रेल्वेची गाडी धक्क्यावर, जहाजापासून हाकेच्या अंतरावर येऊन उभी राहते. १८९६ साली सीमेपलीकडे कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसं या खिंडीतून चढली. सीमेवरचे कॅनडाचे पोलीस वर्षभराचं सामान सोबत असल्याशिवाय आत सोडत नसत, ते सामान होतं जवळजवळ टनभर. माणसं तेवढं ओझं थोडंथोडं करून पुन्हापुन्हा वर नेत. घोडे-खेचरं हजारोंनी मेली, त्या वाटेला ‘मेलेल्या घोड्यांची वाट’ असंच नाव पडलं. १८९८ मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं आणि १९०० मध्ये पुरं झालं, तोवर सोन्याची धावपळ ओसरली होती. रूळ तीन फुटांचे, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद, पण वळणं घेताना खिडकीतून स्वतःच्याच गाडीचं इंजिन दिसतं ती मजा तीच. समुद्रसपाटीपासून ८७३ मीटरवर शिखर. जाताना डाव्या बाजूला बसावं. वर गेल्यावर आसनांच्या पाठी उलट्या करून सगळ्यांना बाजू बदलायला सांगतात, त्यामुळे भांडण होत नाही. ताई दोन डब्यांमधल्या उघड्या जागेत कठडा धरून उभी राहिली. मी म्हटलं, “ताई, आत बस, पाय दुखतील.” ती म्हणाली, “दुखू देत गं.”

केचिकनला पाऊस होता. तिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा छत्री न नेता पूर्ण रेनकोट न्या. ओढ्यावर खांब रोवून उभी केलेली क्रीक स्ट्रीट बघा, टोटेम हेरिटेज सेंटरमध्ये जुने कोरीव खांब बघा. दागिन्यांच्या दुकानांत वेळ घालवू नका.

आणि आता ग्लेशियर बे. या सगळ्या प्रवासाचं मोल माझ्या मते या एका दिवसात आहे.

इथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी मिळते. म्हणून अलास्काच्या प्रत्येक सहलीत हा उपसागर नसतो. बऱ्याच सहलींत ‘हिमनदी दर्शन’ एवढंच लिहिलेलं असतं आणि जहाज दुसऱ्याच फ्योर्डमध्ये, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाडीत जातं. तेही सुंदर असेल, पण तुम्हाला हाच उपसागर हवा असेल तर कार्यक्रमपत्रिकेत नाव वाचून घ्या. हॉलंड अमेरिका लाइनची जहाजं इथे वर्षानुवर्षं येत आली आहेत. सकाळी तोंडाशी बार्टलेट कोव्हजवळ एक छोटी बोट जहाजाला भिडते आणि राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर दोरीच्या शिडीवरून चढून येतात. मग दिवसभर ध्वनिक्षेपकावरून ते मोजकं बोलतात. बाकी वेळ शांतता. या वेळी त्यांच्यासोबत हूना त्लिंगित या इथल्या मूळ रहिवासी समाजाची एक बाई होती. हा उपसागर म्हणजे तिच्या पूर्वजांचं घर. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकत आली आणि त्यांची गावं तिने पुसली, ते लोक पाण्यापलीकडे हूनाला जाऊन राहिले. २०१६ साली बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर त्यांचं कुळघर पुन्हा उभं राहिलं. ती हे सगळं सांगत होती तेव्हा क्रोज नेस्टमध्ये बसायला जागा उरली नव्हती.

भूगोलाच्या शिक्षकाला हा उपसागर म्हणजे उघडं पुस्तक आहे. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा आत जायला वाट जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर होडीतून आला तोवर बर्फ पन्नास किलोमीटरांहून जास्त मागे गेला होता. १९१६ पर्यंत ग्रँड पॅसिफिक हिमनदीचं टोक तोंडापासून सुमारे १०५ किलोमीटर आत. म्हणजे जहाज जसजसं आत जातं तसतशी जमीन वयाने लहान होत जाते. तोंडाशी दाट स्प्रूस आणि हेमलॉकचं रान, कारण तिथली जमीन बर्फाखालून सुटून दोन-अडीचशे वर्षं झाली. पुढे झाडं विरळ, मग नुसती अल्डरची झुडपं, मग शेवाळाचा हिरवट पट्टा, आणि शेवटी उघडा, ओरखडे पडलेला दगड. एका सकाळीत रानाच्या वाढीचा सगळा क्रम उलटा वाचायला मिळतो. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ पासून इथे जमिनीचे तुकडे आखून हा क्रम नोंदवला, आणि त्याच्यासारख्यांच्या आग्रहामुळे १९२५ साली या जागेला संरक्षण मिळालं. मी हे सगळं ताईला सांगत होते. शेजारच्या खुर्चीतला एक आजोबा, चेन्नईचे, त्यांनीही खुर्ची जवळ ओढली. शाळा सुटल्यापासून एवढा मन लावून ऐकणारा वर्ग मला मिळाला नव्हता.

आणि आता या जहाजाची खरी खासियत. या दिवशी चौथ्या डेकवरून जहाजाच्या नाकावर जायचं दार उघडतात. एरवी ती जागा कर्मचाऱ्यांची. दोरखंड, नांगराची यंत्रं, आणि समोर काहीही नाही, काच नाही, छप्पर नाही. तिथे कर्मचारी वाफाळतं डच वाटाण्याचं सूप वाटत फिरतात. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं, त्यात मांस असतं. आम्हाला दुसरं, नुसतं भाज्यांचं सूप आणून दिलं. मी ताईला व्हीलचेअरवरून दारापर्यंत नेलं, पुढे दोन मुलांनी तिला हाताला धरून अगदी टोकापर्यंत नेलं आणि एकाने तिच्यासाठी खुर्ची आणली. इतक्या लोकांत, इतक्या कामात, एका म्हातारीला हिमनदीसमोर पहिली रांग मिळावी म्हणून त्यांनी केलेली ही धडपड मी विसरणार नाही. याच एका गोष्टीवर मी या जहाजाला पूर्ण गुण देते.

मार्जरी हिमनदी समोर आली तेव्हा साडेदहा झाले असतील. सुमारे दीड किलोमीटर रुंद, पाण्यावर पंचाहत्तर मीटरच्या आसपास उंच, मागे डोंगरांत चौतीस किलोमीटर लांब पसरलेली. कॅप्टनने जहाज थांबवलं. या जहाजाला खालून सर्व दिशांना वळणारे प्रोपेलर आहेत, त्यामुळे ते जागच्या जागी सावकाश फिरतं. डावी-उजवी कोणतीही बाजू असो, सगळ्यांना तेवढंच दिसतं. जवळजवळ तासभर ते असं फिरत होतं.

बर्फ निळा का दिसतो ते मी वर्गात सांगत असे : दाबामुळे हवेचे बुडबुडे निघून गेलेला घट्ट बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो, निळा तेवढा बाहेर येतो. पण तो निळा इतका आतून येतो हे फळ्यावर कसं दाखवणार? कड्यावर काळे उभे पट्टे होते. दोन हिमनद्या एकत्र आल्या की त्यांच्या कडेचा दगडगोटा मधोमध ओळीने वाहत जातो, तोच मध्य हिमोढ. मी बोट करून ताईला दाखवला. ती म्हणाली, “हाच का तो, तू खडूने काढायचीस?” शेजारची ग्रँड पॅसिफिक इतकी काळवंडलेली, दगडमातीने झाकलेली, की सांगितल्याशिवाय ती हिमनदी आहे हे कळत नाही. पाणी हिरवट-दुधी, हिमनदीने दळलेल्या पिठासारख्या बारीक गाळामुळे. किटीवेक पक्षी कड्याजवळ थव्याने उडत होते.

मग डावीकडून आधी तडा गेल्यासारखा आवाज, थोडं थांबून मेघगर्जनेसारखा, आणि तोवर एक सुळका खाली सरकायला लागला होता. प्रकाश आधी, आवाज मागून. पाणी उसळलं, लाट आमच्यापर्यंत येता येता विरली. डेकवर कोणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईने हात जोडले होते.

मार्जरी बराच काळ जागेवर स्थिर होती, अलीकडे तीही मागे हटू लागली आहे. १७९४ पासूनची माघार आणि आजच्या तापमानवाढीची माघार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे रेंजरने नीट समजावून सांगितलं, ते मला फार आवडलं. पहिली लघुहिमयुग, म्हणजे काही शतकं चाललेला थंडीचा काळ, संपल्यामुळे सुरू झाली. दुसरी आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या धुराने चालली आहे. जहाजाने येणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावंच. मलाही ते बोचतं आणि बोचायला हवं.

परतताना लॅम्प्लूग हिमनदी, तिचा निळा तर मार्जरीहूनही गडद. संध्याकाळकडे साउथ मार्बल बेटावर सी लायनची गर्दी, त्यांच्या भांडणाचा आवाज आणि वास दोन्ही डेकपर्यंत. तिथे दुर्बीण असलीच पाहिजे, पफिन पक्षी नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसतो.

वृद्ध आणि कमी चालणाऱ्यांसाठी हा दिवस आदर्श आहे, कारण कुठे उतरावंच लागत नाही. एवढी मोठी गोष्ट जहाजच तुमच्यासमोर आणून ठेवतं. व्हीलचेअर हवी असेल तर चढतानाची मदत आधी नोंदवा. धक्क्यावर आमच्यासाठी माणूस हजर होता आणि रांग टळली.

कागदपत्रांचं एक सांगते, कारण इथे आपली माणसं अडतात. जहाज कॅनडातून सुटत असलं तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. अमेरिकेची तपासणी कॅनडा प्लेसच्या इमारतीतच होते, त्याला वेळ धरून दुपारी लवकर पोहोचा. इंटरनेटचे पैसे वेगळे. खाड्यांत सिग्नल नसतोच, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. कपडे थरांचे घ्या : आत लोकरीचं, वर वारा आणि पाणी अडवणारं, हातमोजे नक्की. जूनमध्येसुद्धा हिमनदीसमोर बोटं बधिर होतात. आतली खोली घ्या, उरलेल्या पैशांत रेल्वे आणि चांगली दुर्बीण.

महिन्याबद्दल माझं मत असं : जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत, डोंगरांवर बर्फ भरपूर, पाऊस त्या मानाने कमी. सप्टेंबरमध्ये पाऊस जास्त, दिवस लहान, पण एक गोष्ट फक्त तेव्हाच मिळते. जॉन्स हॉपकिन्स खाडीत उन्हाळाभर सील माद्या तरंगत्या बर्फावर पिल्लांना जन्म देतात आणि वाढवतात, म्हणून क्रूझ जहाजांना तिथे १ सप्टेंबरपर्यंत प्रवेश बंद. मागच्या वेळी आम्ही आत गेलो होतो. दोन्ही बाजूंना लोंबत्या दऱ्या, आणि टोकाला मार्जरीपेक्षाही रुंद वाटणारी हिमनदी. या वेळी जहाज खाडीच्या तोंडावरून पुढे निघून गेलं आणि ताई लांबून मान उंचावून बघत राहिली. तिला मी कारण सांगितलं, तेव्हा म्हणाली, “बाळंतिणीच्या खोलीत कशाला जायचं? आपण सप्टेंबरात येऊ.” घरी आल्यापासून ती रोज मला विचारते, त्या तारखा लागल्या का. मुलाला सांगितलं आहे : जहाज हेच, खोली आतलीच, न्हाणीघरात टब नको.